आखडलेला खांदा ओढून सुटत नाही

वाचकाचा प्रश्न: नाशिक जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र आहे. यजमानांचं वय ६७. पाच वर्षांपूर्वी कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं निदान झालं. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. मधुमेह त्याच्याही आधीपासूनचा. हाताची थरथर फारशी नाही, पण अंग आखडत चाललंय. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, सदऱ्याची बाही चढवताना कळ येते, चालताना पुढे वाकतात, रात्री कुशीवर वळता येत नाही. रोज संध्याकाळी मालिशवाले येतात आणि तेल लावून हात जोरात वर ओढतात. त्यानंतर दोन-दोन दिवस खांदा ठणकतो. 'शिरा सुकल्यात, दुखलं तरच मोकळ्या होतील,' असं ते सांगतात. पुतण्याने कोलॅजनची पावडर आणून दिली आहे, ती सकाळच्या गोळीबरोबरच दुधातून दिली जाते. पूर्वी रोज सूर्यनमस्कार घालणारा हा माणूस आता व्यायामाचं नाव काढलं की चिडतो. मालिश चालू ठेवायची का, पावडरचा उपयोग आहे का, हा आळस कसा घालवायचा आणि आता फार उशीर झालाय का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई,

तुम्ही केलेले सगळे उपाय एकाच समजुतीवर उभे आहेत. आत काहीतरी सुकलंय, आकसलंय, ते जोर लावून किंवा पावडर घालून पुन्हा लवचीक करायचं, ही ती समजूत. ती पूर्ण चुकीची नाही, पण अर्धीच खरी आहे. उरलेलं अर्धं लक्षात न घेतल्यामुळे तुमची मेहनत उलट्या दिशेला जाते आहे.

कंपवातातला ताठरपणा मुळात मेंदूतून येतो, हा त्याचा पहिला थर. डोपामिन, म्हणजे हालचालींचे निरोप पोहोचवणारं मेंदूतलं रसायन, कमी पडलं की स्नायूंना सैल सोडण्याचं काम नीट होत नाही. हात उचलणारे आणि त्याला खाली खेचणारे स्नायू एकाच वेळी थोडे थोडे आवळलेले राहतात. म्हणून हात कुठल्याही दिशेला हलवला तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच अडथळा जाणवतो. गोळीचा असर असताना तो कमी होतो, असर उतरला की वाढतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, त्यात थरथर आणि वाकलेली चाल होती, पण ताठरपणाला स्वतंत्र लक्षण म्हणून जागा मिळाली ती पुढे शार्को या फ्रेंच डॉक्टरांमुळे. आजही घरोघर तसंच होतं. थरथर नसेल तर 'आजार आटोक्यात आहे' असं सगळे धरून चालतात, आणि आखडण्याकडे वय झालं म्हणून दुर्लक्ष होतं.

दुसरा थर यानंतरचा. स्नायू महिनोन्महिने आखूड अवस्थेत राहिले की त्यांची लांबी खरोखरच कमी होते आणि त्यांच्यातल्या कोलॅजनच्या, म्हणजे ऊतींना बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या, तंतूंचं प्रमाण वाढतं. स्नायूंवरचं फॅशियाचं आवरण, स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा, सांध्याभोवतीची पिशवी हे सगळं या कोलॅजनचंच बनलेलं असतं. हालचाल होत राहिली तर हे थर एकमेकांवरून घसरत राहतात. ती थांबली की तंतूंमध्ये नको तिथे जोड तयार होतात आणि घसरण कमी होते. त्यात मधुमेह असेल तर वाढलेली साखर कोलॅजनला चिकटून ते आणखी कडक करते. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, कंपवातातही असतं, आणि तुमच्या यजमानांना दोन्ही आहेत. काही जणांना तर कंपवाताचं निदान व्हायच्या आधी खांदा आखडल्याचीच तक्रार असते. तेव्हा रक्तातली साखर ताब्यात ठेवणं हा त्यांच्या खांद्याच्याही उपचाराचा भाग आहे. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, तपासून बरेच महिने झाले असतील तर तपासून घ्या.

यजमानांच्या बाबतीत किती भाग पहिल्या थराचा आणि किती दुसऱ्याचा, हे घरी बऱ्यापैकी ओळखता येतं.

सकाळच्या गोळीच्या आधी, नेहमीच्याच वेळी (त्यासाठी गोळी लांबवू नका), त्यांना पाठीवर झोपवा. डाव्या कोपराखाली आणि मनगटाखाली हात देऊन त्यांचा हात अगदी सावकाश डोक्याच्या दिशेने न्या. जिथे अडेल किंवा दुखायला लागेल तिथे थांबा आणि जागा लक्षात ठेवा. मग कोपर शरीराला टेकवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला किती जातो ते बघा. हेच उजव्या हाताचं करा. गोळी घेतल्यावर पाऊण ते एक तासाने सगळं पुन्हा करा. दुसऱ्या वेळी हात बराच पुढे गेला, तर अडचण मुख्यतः मेंदूकडून येणाऱ्या ताठरपणाची आहे आणि न्यूरॉलॉजिस्टकडे गोळ्यांच्या वेळांबद्दल बोलायला हवं. दोन्ही वेळी हात नेमका त्याच जागी आडकाठी लागल्यासारखा थांबला, दुखला आणि पंजा बाहेर वळणं उजव्यापेक्षा फारच कमी असलं, तर सांध्याची पिशवी आकसली आहे. याला आपण फ्रोझन शोल्डर म्हणतो. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते, पण नक्की काय ते अस्थिरोगतज्ज्ञाने किंवा फिजिओथेरपिस्टने हात लावून तपासल्यावरच ठरेल. तिथे खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं गेलं तर मधुमेह असल्याचं आवर्जून सांगा, कारण त्यानंतर काही दिवस साखर वाढते.

वाकलेल्या पाठीचीही अशीच परीक्षा आहे. त्यांना सपाट गादीवर उशीशिवाय पाच-दहा मिनिटं पडू द्या. पाठ आणि डोकं हळूहळू गादीला टेकलं, तर पाठ कायमची वाकलेली नाही. उभं राहिल्यावर ती धरून ठेवणं जमत नाही, एवढंच. झोपूनही डोकं अधांतरी राहिलं, तर छातीच्या आणि मानेच्या पुढच्या बाजूचे स्नायू व आवरणं आखूड झाली आहेत. अशा वेळी डोकं दाबून खाली टेकवू नका. अंतर भरेल एवढ्याच जाडीची चादरीची घडी खाली ठेवा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी एक पदर कमी करता येतो का ते बघा. रात्री दोन-दोन जाड उशा घेण्याची सवय असेल तर ती याच कारणासाठी वाईट. मान दिवसातले सात-आठ तास पुढे वाकलेली राहते आणि ऊती त्याच लांबीला सरावतात.

आता मालिश. मालिश बंद करू नका, ओढणं बंद करा. कंपवातात स्नायूला अचानक ताण दिला की तो नेहमीपेक्षा जास्त जोराने आवळून उत्तर देतो. म्हणजे मालिशवाले जितक्या झटक्याने हात वर नेतील, तितका तो हात त्यांच्याविरुद्ध जोर लावेल, आणि सगळा भार सांध्याच्या आधीच दुखावलेल्या पिशवीवर येईल. कोलॅजनच्या ऊतींचा स्वभावही तसाच आहे. मळलेल्या कणकेचा गोळा हळू ओढला तर लांबतो आणि झटका दिला तर तुटतो, तसंच या ऊतींचं होतं. त्यात कंपवात असलेल्यांची हाडं ठिसूळ होण्याचा धोका जास्त असतो. एवढ्या जोरात ओढताना खांद्याचं हाड मोडू शकतं. दोन दिवस ठणकणं हे शिरा मोकळ्या होत असल्याचं लक्षण नाही, आत इजा होत असल्याचं आहे. ताण देताना थोडं ओढल्यासारखं वाटणं ठीक. सोडल्यावर काही मिनिटांत ते गेलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर मात्रा जास्त झाली, असा सरळ हिशेब ठेवा.

मालिशवाल्यांना नेमकं एवढं सांगा: कोमट तेल, सावकाश लांब हात, खांदे, पाठ, मांड्या आणि पोटऱ्या, एकूण १५ ते २० मिनिटं. मान कडकन वळवायची नाही, पाठीवर गुडघा किंवा पाय द्यायचा नाही, हात-पाय ताणायचे नाहीत. तेल कातडीतून आत जाऊन कंडरांना वंगण करत नाही, पण ऊब आणि सावकाश स्पर्शाने ताठरपणा काही वेळ उतरतो. हा 'काही वेळ' मोलाचा आहे. तो संध्याकाळी टीव्हीसमोर वाया घालवण्याऐवजी मालिशीची वेळ व्यायामाच्या लगेच आधी आणता आली तर बघा. ते जमत नसेल तर खांद्यावर १५ मिनिटं गरम पाण्याची पिशवी चालेल. मधुमेहात कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळा आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

पावडरबद्दल. पोटात गेलेलं कोलॅजन इतर प्रथिनांसारखंच पचतं. त्याचे तुकडे होतात आणि ते शरीर हवे तिथे वापरतं. खाल्लेलं कोलॅजन खांद्याच्या पिशवीत जाऊन बसत नाही, आणि त्याने कंपवाताचा ताठरपणा कमी होतो असं म्हणायला आधार नाही. पण माझी खरी काळजी वेगळी आहे. त्यांच्या गोळीतलं मुख्य औषध लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाटेने जातं, त्याच वाटेने प्रथिनांचे घटकही जातात. दूध आणि पावडर ही दोन्ही प्रथिनं, आणि ती तुम्ही गोळीसोबतच देता. त्यामुळे सकाळची गोळी उशिरा लागू पडत असेल किंवा अर्धवटच लागू पडत असेल, अशी दाट शक्यता आहे. म्हणजे अंग सैल व्हावं म्हणून दिलेली वस्तू अंग सैल करणाऱ्या औषधालाच अडवते आहे. गोळी साध्या पाण्याबरोबर, खाण्याच्या निदान अर्धा तास आधी किंवा खाल्ल्यानंतर एक तासाने द्या. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर सोबत थोडे चुरमुरे किंवा साळीच्या लाह्या चालतील, दूध नको. लोहाची गोळी चालू असेल तर तीही लेव्होडोपाचं शोषण कमी करते, दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. पण घाबरून वरण, अंडी, दही तोडू नका. प्रथिनं कमी पडली की स्नायू झडतात. फक्त वेळ बदलायची. कोलॅजन तयार करायला शरीराला क जीवनसत्त्व लागतं, ते आवळा, पेरू, लिंबू यांतून भरपूर मिळतं. पावडरच्या डब्यापेक्षा हा खर्च कितीतरी योग्य.

याच ओघात एक इशारा. कवचबीज, म्हणजे खाजकुइलीचं चूर्ण कंपवातावर चालतं, असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. त्यात लेव्होडोपाच असतं. म्हणूनच ते चालू गोळ्यांवर आपल्या मनाने वाढवणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना न सांगता देऊ नका.

आता रोज काय करायचं ते. वेळ एकच: गोळीनंतर पाऊण ते एक तास, अंग सर्वांत सैल असताना. ताठ अंगाला ताणायला जाल तर वेळही फुकट आणि माणूसही वैतागेल. प्रत्येक ताण जाणवेपर्यंत सावकाश न्यायचा, तिथे ३० सेकंद धरायचा, सोडायचा, असं तीनदा. सवय झाली की ६० सेकंदांपर्यंत. हिसके नाहीत. आकडे त्यांनीच मोठ्याने मोजायचे. त्याने श्वास रोखला जात नाही आणि कंपवातात बारीक होत जाणाऱ्या आवाजालाही व्यायाम होतो.

सुरुवात पलंगावर, पाठीवर झोपून. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, तळवे छताकडे, पाच मिनिटं नुसतं पडून राहायचं. छातीचे स्नायू खुले करायला यापेक्षा सोपं काही नाही, आणि चिडलेल्या माणसालाही हे जमतं. मग गुडघे वाकवून, पावलं गादीवर ठेवून दोन्ही गुडघे एकत्र एका बाजूला झुकवायचे. विरुद्ध बाजूचा खांदा गादीवरच राहिला पाहिजे. रात्री कुशीवर वळता न येण्याचं मोठं कारण धडाचं हे वळणंच गेलेलं असतं. त्यानंतर एक हलकी काठी घ्या, दीड-दोन हात लांबीची. दोन्ही हातांनी धरून उजव्या हाताच्या जोरावर डावा हात डोक्याकडे न्यायचा, दुखण्याच्या अलीकडे थांबायचं. मग कोपरं अंगाशी ठेवून काठीने डावा पंजा हळूच बाहेर ढकलायचा. खांद्याला कोण ताणतंय हे इथे महत्त्वाचं. स्वतःच्या हाताने ताणलं की कधी थांबायचं ते त्यांना कळतं, म्हणून स्नायू भीतीने आवळत नाहीत.

मांडीच्या पुढच्या बाजूचे, कंबरेला जोडणारे स्नायू सगळ्यात जास्त विसरले जातात, आणि पुढे वाकण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. त्यासाठी पलंगाच्या कडेला झोपून एक गुडघा छातीशी धरायचा आणि कडेचा दुसरा पाय पलंगावरून खाली सैल सोडायचा. तुम्ही त्या बाजूला उभ्या राहा. कंबर दुखली तर हे सोडून द्या. त्याऐवजी पाच मिनिटं पालथं पडणं चालेल, श्वासाला त्रास होत नसेल तर.

इथून पुढे उठायची घाई नाही. कंपवातात आणि त्याच्या औषधांमुळेही उभं राहताना रक्तदाब घसरू शकतो. पडलेल्या अवस्थेतून थेट उभं राहणं म्हणजे चक्कर आणि पडणं. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसणं, पावलं वर-खाली हलवणं, मग उभं राहणं. घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर पाच मिनिटं पडून राहिल्यावर आणि उभं राहून तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरत असेल तर डॉक्टरांना कळवा.

बसल्या बसल्या एक पाय समोर स्टुलावर सरळ ठेवून, पावलाभोवती पंचा घालून बोटं आपल्याकडे ओढायची. मांडीची मागची बाजू आणि पोटरी दोन्ही ताणल्या जातात. वाकायचं ते कंबरेच्या सांध्यातून, पाठ गोल करून नव्हे. तळहात टेबलावर सपाट टेकवून बोटं फाकवायची. शेवटी उभं राहून भिंतीला टाचा, नितंब, खांदे आणि जमेल तेवढं डोकं टेकवायचं, हनुवटी आत. आणि स्वयंपाकाच्या ओट्याला धरून एक पाय मागे, टाच जमिनीवर, म्हणजे पोटरीचा ताण. सगळं मिळून २५ मिनिटांच्या आसपास होतं. एका दमात झालंच पाहिजे असं नाही. सकाळी अर्धं, दुपारच्या गोळीनंतर अर्धं, हे उलट बरं.

सूर्यनमस्कारांचं तुम्हाला वाईट वाटतंय, ते समजतं. पण आज पूर्वीसारखे सूर्यनमस्कार त्यांना योग्य नाहीत. डोकं झपकन खाली आणि वर जातं, रक्तदाब आणि तोल दोन्ही बिघडतात. शिवाय त्यात पुढे वाकणं बरंच आहे, आणि त्यांचं शरीर आधीच पुढे वाकलेलं आहे. त्यांना गरज आहे ती मागे उघडण्याची आणि बाजूला वळण्याची. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन नकोच. खुर्ची, पट्टा, लोड यांच्या आधाराने योग शिकवणारे शिक्षक आपल्याकडे आहेत. कंपवाताची माहिती असलेले मिळाले तर जरूर जा. हाँगकाँगमध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात योगाने हालचालींवर नेहमीच्या ताण व ताकदीच्या व्यायामांइतकाच परिणाम केला, आणि चिंता व उदासी त्याहून जास्त कमी केली.

पण नुसतं ताणून भागत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९५ कंपवाती व्यक्तींचे तीन गट करून एकाला ताई ची हा सावकाश हालचालींचा चिनी व्यायामप्रकार, दुसऱ्याला वजनाचे व्यायाम आणि तिसऱ्याला नुसते ताण, असं २४ आठवडे करवलं. २०१२ साली निकाल आला. तोल सांभाळण्यात ताई ची सर्वांत पुढे होती, ताणवाल्या गटापेक्षा तर स्पष्टच. ताणाने मिळालेली हालचाल त्याच दिवशी वापरली नाही तर मेंदू ती वापरायला शिकत नाही. म्हणून ताण संपले की लगेच दहा मिनिटं मोठ्या हालचाली: हात रुंद फाकवून टाळी, लांब पावलं टाकत खोलीच्या फेऱ्या, हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, आणि बाल्कनीतल्या दोरीवर धुतलेले रुमाल त्यांनीच वाळत घालणं. दोरी आज डावा हात पोहोचतो त्याहून बोटभर वर बांधा, फार वर नको. कंपवातात मेंदूला आपली छोटी हालचालही पुरेशी मोठी वाटते. त्यामुळे 'नीट चाला' यापेक्षा 'मोठं पाऊल' एवढंच सांगितलेलं जास्त उपयोगी पडतं. बाकी आठवड्याचं प्रमाण असं धरा: दम लागेल असं चालणं किंवा सायकल तीन दिवस अर्धा-अर्धा तास, ताकदीचे व्यायाम दोन ते तीन दिवस, तोलाचे दोन ते तीन दिवस, आणि ताण शक्यतो रोज.

सदरा घालताना दुखरा डावा हात बाहीत आधी, चांगला नंतर. काढताना चांगला आधी, दुखरा शेवटी. पुढून पूर्ण उघडणारा, एक माप मोठा सदरा घ्या. आणि रात्री वळण्यासाठी गादीवर कंबरेच्या जागी गुळगुळीत सॅटिनचं कापड घाला. पावलांच्या जागी ते नको, टाचांना जोर लावायला खरखरीत चादर हवी. तुमची स्वतःची कंबर यात वाचेल, आणि तीही वाचायला हवी.

तुम्ही 'आळस' लिहिलंय, तिथे मी थोडी थांबले. कशातच उत्साह न वाटणं हे कंपवाताचं स्वतंत्र लक्षण आहे. तेही मेंदूतल्या त्याच बदलांमुळे येतं. उदासी हे आणखी वेगळं लक्षण आहे आणि तिच्यावर उपचार होतात. एकेकाळी रोज सूर्यनमस्कार घालणारा माणूस मनाने आळशी झालेला नसतो. डॉक्टरांना हे 'ऐकत नाहीत' अशा तक्रारीच्या रूपात सांगू नका, लक्षण म्हणून सांगा. आतून इच्छा होण्याची वाट बघू नका, कारण इच्छा उत्पन्न करणारी यंत्रणाच मंदावली आहे. ठरलेली वेळ, तीच जागा, ठेक्याचं आवडतं गाणं, आणि 'आज फक्त पाच मिनिटं पडून राहूया' इतकी छोटी सुरुवात ठेवा. आज आधी कोणता प्रकार, हे त्यांना ठरवू द्या. आणि शक्य असेल तर व्यायाम घेण्याचं काम तुमच्याकडे ठेवूच नका. गोळ्यांची आठवणही तुम्ही, पथ्यही तुम्ही आणि व्यायामही तुम्हीच, मग चिडचीड तुमच्यावरच निघणार. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. मुंबईत २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. तुमच्याजवळ त्यांचा कोणता गट भरतो का, विचारून बघा. आपल्यासारख्याच दहा जणांबरोबर हात वर करताना माणूस जितका मनापासून करतो, तितका घरी बायकोच्या सांगण्यावरून करत नाही.

उशीर झालाय का? कोलॅजनच्या ऊती कोणत्याही वयात बदलतात, पण सावकाश. पहिल्या काही आठवड्यांत हात जास्त वर जाऊ लागला तर तो बदल बहुतांशी ताण सहन करण्याची मज्जासंस्थेची तयारी वाढल्यामुळे असतो. ऊतींची स्वतःची लांबी बदलायला महिने लागतात. म्हणून पंधरा दिवसांनी 'काहीच फरक नाही' म्हणून सोडू नका आणि पंधरा दिवसांत फरक दिसला म्हणूनही सोडू नका. फ्रोझन शोल्डर बहुतेकांचा बराच सुटतो, वर्ष किंवा त्याहून अधिक काळ घेतो. पाठ पूर्वीसारखी सरळ होईल असं वचन मी देणार नाही. पण झोपल्यावर ती टेकत असेल तर वाव नक्की आहे.

महिन्यातून एकदा, गोळीनंतरच्या त्याच वेळी, दोन मापं घ्या. भिंतीला पाठ लावून उभं असताना डोक्याची मागची बाजू आणि भिंत यांतलं अंतर सेंटीमीटरमध्ये. आणि भिंतीकडे तोंड करून डावा हात वर सरकवल्यावर मधलं बोट जिथे पोहोचतं तिथे पेन्सिलची खूण. तारीख घालून वहीत लिहा.

काही गोष्टी मात्र ताणाने सुटणाऱ्या नाहीत, त्यासाठी पुढच्या तारखेची वाट न बघता न्यूरॉलॉजिस्टना कळवा. पहाटे पावलात पेटका येऊन बोटं मुडपत असतील तर तो बहुधा रात्रीच्या गोळीचा असर उतरल्याचा परिणाम असतो, गोळ्यांची वेळ बदलून तो कमी होऊ शकतो. काही आठवड्यांतच मान छातीवर झुकू लागली, किंवा बसल्यावर शरीर एकाच बाजूला कलायला लागलं, विशेषतः एखादं नवीन औषध सुरू झाल्यानंतर, तर त्या औषधाचं नाव आणि सुरू केल्याची तारीख सांगा. हाताची बोटं मुळाशी वाकून मधल्या सांध्यात ताठ होत असतील तर ती आमवाताची सूज समजून औषधं घेऊ नका. कंपवातातही हात असाच दिसू शकतो. हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासायचं राहिलं असेल तर त्याच भेटीत विचारा. आणि व्यायामाने बरं वाटतंय म्हणून कोणी कितीही सांगितलं तरी गोळी आपल्या मनाने कमी किंवा बंद करू नका. लेव्होडोपा एकदम थांबवलं तर तीव्र ताठरपणा आणि ताप येऊन जिवावर बेतू शकतं.